गोड्या पाण्यांतील कृमींची पाहणी

पिकांची पाहणी दरसाल होते व तिची नोंद गांवनमुना बारामध्यें चढते. प्रस्तुत लेखकाचें बहुतेक आयुष्य असल्या नोंदी तपासण्यांत गेलें. परंतु ज्या पाण्यावर तें पीक उभें राहतें, त्या पाण्यांतील जीवांची नोंद गांवच्या दप्तरांत कोठेंच नसते.

याचा परिणाम काय होतो तो पहा. मावळांतील एका खेड्यांत एका शेतकऱ्याच्या दोन म्हशी खंगून मेल्या. त्याच सुमारास त्यांना भातखाचराच्या चिखलांत तांबडे कृमि वळवळतांना दिसले. हेच दोषी असें ठरवून त्यांनीं खाचरांत विष ओतलें. पुढें गुरांच्या डॉक्टरांनीं दुसऱ्या म्हशीचें यकृत चिरून पाहिलें, तेव्हां त्यांत पानासारखे चपटे कृमि निघाले. या कृमीचें बालपण तळ्यांतील गोगलगाईच्या शरीरांत जातें. तेथून निघून तो कांठच्या गवतास चिकटतो व चाऱ्याबरोबर गुरांच्या पोटांत शिरतो. शिक्षा झाली ती मात्र निरपराध्यास!

तांबडे कृमि हे गांडुळांचे जातभाई होत. डोकें चिखलांत व शेंपूट वर पाण्यांत अशी त्यांची बैठक असते. एका जातीच्या शेंपटीवर तर कल्ल्यांची झालर असते. त्यांच्या हालचालीनें तणाचें बीं चिखलांत खोल गाडलें जातें व अन्नद्रव्यें पाण्यांत मोकळीं होतात, असें जपानांतील भातखाचरांच्या अभ्यासांत आढळलें आहे. मात्र एखाद्या ओढ्यांत हेच दाटीनें दिसूं लागले व इतर जीव नाहींसे झाले, तर त्यांत सांडपाणी मिसळत आहे असें समजावें. कारण अत्यल्प प्राणवायूवरहि ते तग धरतात.

पाहणीची रीत सोपी आहे. ओढा, तळें व खाचर येथील ठराविक जागा नेमाव्या. पावसाळ्यापूर्वीं, पावसाळ्यानंतर व हिंवाळ्यांत प्रत्येक जागेचा सारख्याच मापाचा चिखल घेऊन अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणींत धुवावा. उरलेला गाळ पांढऱ्या थाळींत पसरून गांडुळवर्गी, चपटे, सुतासारखे व जळवा असे चार वर्ग मोजावे. गोगलगाईंचीहि नोंद घ्यावी. जात ठरविणें हें तज्ज्ञांचें काम. स्टीफन्सन यांनीं १९२३ सालीं हिंदुस्थानांतील गांडुळवर्गावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचें केंद्र पुण्यांत आहे. मद्यार्कांत ठेवलेल्या नमुन्यांविषयीं तेथें विचारणा करावी.

या खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील. त्यांनीं नारूचें स्मरण करावें. तो पाण्यांतील सूक्ष्म जीवाच्या द्वारें माणसाच्या शरीरांत जातो हें कळलें, म्हणूनच पाणी गाळून पिणें, पायविहिरींत उतरणें बंद करणें इत्यादि उपाय करतां आले. आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. शत्रु ओळखला तर तो हटतो. न ओळखतां केलेला घाव मित्रावर बसतो. म्हणून विषाचा डबा उघडण्यापूर्वीं प्रत्येक गांवानें आपल्या पाण्याची एक वही उघडावी, अशी विनंति आहे.