नावाचा प्रश्न : युद्धकालीन स्थानबद्धता आणि संग्रहालयीन शिक्षण

युद्धकाळात नागरिकांचे हक्क हिरावले जातात तेव्हा त्या कृतीला सौम्य नाव देण्याचे कार्यही शासनच करीत असते. म्हणून अशा इतिहासाचे शिक्षण देणाऱ्या संग्रहालयापुढे वस्तूंच्या मांडणीइतकाच नावांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लॉस एंजेलिस येथील जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय हे याचे उद्बोधक उदाहरण होय.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशात जपानी वंशाचा उल्लेखही नव्हता. तथापि त्याच्या आधारे त्या वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. भिंतींवर लावलेल्या हुकुमांत ‘परकीय आणि अ-परकीय’ अशा दोन्ही व्यक्तींना निघून जाण्यास फर्मावले होते. ‘अ-परकीय’ म्हणजे नागरिकच. परंतु तो शब्द कटाक्षाने टाळलेला होता. या सक्तीच्या हद्दपारीस ‘स्थलांतर’ आणि ‘पुनर्वसन’ अशी नावे मिळाली.

हे संग्रहालय १९९२ साली एका जुन्या बौद्ध मंदिराच्या वास्तूत खुले झाले. १९४२ मध्ये छावण्यांकडे नेण्यासाठी लोकांना याच परिसरात एकत्र करण्यात आले होते. हार्ट माउंटन छावणीतील मूळ बराकीचा एक भाग येथील प्रदर्शनात दीर्घकाळ होता, आणि विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या स्वयंसेवकांपैकी अनेकांचे बालपण अशाच छावण्यांत गेले होते. उघड्या फळ्यांची ती बराक पाहिल्यावर ‘पुनर्वसन’ या शब्दाचा फोलपणा निराळा सांगावा लागत नाही.

उलट बाजूने हा प्रश्न १९९८ साली उभा राहिला. संग्रहालयाने एलिस बेटावर नेलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकात ‘कॉन्सेन्ट्रेशन कॅम्प’ हा शब्द होता. नाझींच्या संहाराची स्मृती त्यामुळे पुसट होईल, असा आक्षेप ज्यू संघटनांनी घेतला. चर्चेअंती शब्द कायम राहिला. मात्र दोन्ही प्रकारच्या छावण्यांतील भेद स्पष्ट करणारी टीप जोडण्यात आली. गुन्ह्यामुळे नव्हे, तर केवळ वंशामुळे बंदिवास, हे साम्य होय. छळ आणि हत्या हा भेद होय. मराठीत रूढ असलेल्या ‘छळछावणी’ या शब्दात तर छळ आधीच गृहीत धरलेला असल्याने हा भेद मांडणे अधिकच कठीण जाते.

नावाचा हा आग्रह शब्दच्छल नव्हे. १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही हद्दपारी वैध ठरविली होती. शासननियुक्त आयोगाने १९८३ साली तिचे मूळ वंशद्वेष, युद्धोन्माद आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश यांत असल्याचा निष्कर्ष काढला. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धास २०,००० डॉलर आणि राष्ट्राची क्षमायाचना मिळाली. ‘पुनर्वसन’ केल्याबद्दल कोणी क्षमा मागत नाही. कृतीचे खरे नाव मान्य झाल्यावरच क्षमायाचनेस अर्थ येतो. म्हणूनच संग्रहालयीन शिक्षणाचे खरे कार्य केवळ करुणा जागविणे हे नसून, शासकीय कागदातील शब्द तपासून घेण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे हे होय.