गाडीचा दम कां गेला?

तर्कशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास गुरुजी पहिला दृष्टान्त देतात तो डोंगरावरील धुराचा. डोंगरावर धूर दिसला, तर तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें अनुमान आम्हीं बाळपणीं पाठ केलें, व पुढें शिक्षकाच्या पेशांत मुलांकडून पाठ करून घेतलें. परंतु अशाच एका डोंगरावरील धुरानें आमच्या घरांत कलह उभा करावा, आणि अखेर त्यानेंच तो मिटवावा, असा योग आमच्या कपाळीं होता. त्याची हकीकत व तिजपासून झालेला बोध वाचकांपुढें ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरीं २००८ सालची एक डिझेल गाडी आहे. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर रीतसर तपासणी करून ती आणखी पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली; कारण आठ माणसांस एकत्र नेणारें दुसरें वाहन आमच्या घरीं नाहीं. गेल्या वैशाखांत मातुःश्रींसह आम्ही सर्व मंडळी वाईहून कोंकणांत कुलदैवताच्या दर्शनास निघालों. गाडी पुतण्या चालवीत होता. पसरणीच्या घाटांत थोडें वर चढतों न चढतों तोंच गाडीचा जोर एकाएकीं नाहींसा झाला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी दुसऱ्या गियरमध्यें कण्हत चाले, व मागें काळ्या धुराचा लोट उठे. अखेर रुंद जागा पाहून गाडी वळविली व खिन्न मनानें घरीं परतलों.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजांत, गाडी जागेवर उभी असतांनाच तपासून, “टर्बो गेला, नवा बसवावा लागेल,” असा निकाल मिळाला. खर्चाचा आंकडा आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता. त्याहून वाईट म्हणजे, धाकट्या बंधूंनीं सर्व दोष आपल्या मुलाच्या माथीं मारला. “तरुण पोरें गाडी नुसती पिटाळतात! आजीला घेऊन चाललों आहों, याचें तरी भान हवें होतें.” मुलानें उत्तर केलें नाहीं, किल्ली खुंटीस अडकविली, आणि तो गाडीस हात लावीनासा झाला. पैशाचें नुकसान सोसतां येतें. परंतु निरपराध्यास दोष लागला, तर तो घरास वर्षानुवर्षें सलतो. म्हणून आम्हीं बंधूंस म्हटलें, “आधीं निदान, मग औषध. आठ दिवस थांब.”

टर्बो म्हणजे काय, हें चुलीपुढें बसलेल्या कोणासही सहज समजेल. चुलींत लांकडें पुष्कळ घातलीं, पण वारा मिळाला नाहीं, तर जाळ न होतां धूरच होतो. मग गृहिणी फुंकणी हातीं घेते. टर्बो ही इंजिनाची फुंकणी होय. सिलिंडरांतून बाहेर पडणारा तप्त वायु एक चक्र फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेलें चक्र बाहेरची हवा ओढून व दाबून इंजिनास पुरवितें. वायां जाणाऱ्या वायूकडून काम करून घेण्याच्या या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं घेतलें. मोटारींतील टर्बोचा दांडा मिनिटास एक लक्षाहून अधिक फेरे घेऊं शकतो. दाबल्यामुळें तापलेली हवा इंटरकूलरांत थंड होते, व तेथून पाइपावाटे इंजिनांत शिरते. आतां फुंकणी शाबूत असून वाटेंतच वारा निसटला, तर तो चुलीपर्यंत पोंचणार कसा? जोर गेला म्हणजे टर्बोच गेला, हें अनुमान येथेंच लंगडें पडतें.

मग धूर काय सांगतो? काळा धूर म्हणजे डिझेल पुष्कळ व हवा अपुरी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें ऑइल जळत आहे. तेव्हां टर्बोच्या सीलांचा संशय घ्यावा. जोर नाहीं आणि काळा धूरही नाहीं, तर डिझेलच कमी पोंचत असेल, बहुधा त्याचा फिल्टर तुंबला असेल. आमचा धूर काळा होता, व ऑइलची पातळी उतरलेली नव्हती. म्हणजे हवेची वाट शोधणें प्राप्त होतें.

त्यानंतर आम्हीं साक्षी घेतल्या. पुतण्यास जवळ बसवून विचारलें, “जोर हळूहळू गेला कीं एकदम?” तो म्हणाला, “एकदम, काका. पहिल्या वळणावर गाडी ठीक होती.” हें उत्तर मोलाचें होतें. काजळी धरणें किंवा फिल्टर तुंबणें हे दोष बहुधा सावकाश वाढतात. एकाएकीं जोर जातो तो बहुधा कांहीं फाटल्यामुळें, निसटल्यामुळें वा अडकल्यामुळें. इतक्यांत स्वयंपाकघरांतून आमच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, घाटांत पुढून कुकरासारखा फुस्स आवाज येत होता हो. मला कोणीं विचारलेंच नाहीं!” गाडींत आठ माणसें होतीं, आणि नेमका आवाज ऐकणाऱ्या साक्षीदारास कोणीं विचारलेंच नव्हतें.

मग ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीस घरीं बोलाविलें. सोपें व स्वस्त तें आधीं, अवघड व महाग तें शेवटीं, हा त्यांचा क्रम आम्हांस फार आवडला. त्यांनीं प्रथम एअर फिल्टर पाहिला. तो स्वच्छ होता. टर्बोच्या नियंत्रकाकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तपासली. जुन्या गाड्यांत ती तडकून असाच घोटाळा होतो. तीही ठीक होती. नंतर त्यांनीं संगणक जोडला. त्यांत ‘पी ०२९९’ हा संकेत आला. त्याचा अर्थ एवढाच कीं, हवेचा दाब हवा तितका चढत नाहीं. हें म्हणजे रोग्यास ताप आहे असें सांगणें. ताप कशाचा, तें त्यांत नाहीं. पुष्कळ लोक हा संकेत पाहूनच नवा टर्बो विकत घेतात.

इंजिन बंद ठेवून केवळ किल्ली फिरविली, तर दाबाच्या मापकानें बाहेरच्या हवेचा दाब दाखवावा; समुद्रकांठीं सुमारे एक बार, व वाईसारख्या उंच ठिकाणीं त्याहून थोडा कमी. तसा तो दिसला, म्हणजे मापक खोटें बोलत नव्हता. मग मिस्त्री चढावर गाडी चालवीत असतां आम्हीं शेजारीं बसून आंकडे वाचले : इंजिनानें मागितलेला दाब वाढत जाई, मिळालेला मागेंच राही. जागेवर उभ्या गाडींत टर्बो फारसा दाब करीतच नाहीं. म्हणून हा दोष गॅरेजांत दिसता ना.

इंजिन निवाल्यावर त्यांनीं हवेच्या वाटेंत बेतानें दाब भरून सांध्यांवर साबणाचें पाणी लाविलें. इंटरकूलरापासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगास बुडबुडे उठले. तेथें बोटाच्या पेराएवढी चीर होती, व तिच्याभोंवतीं तेलकट धूळ जमली होती. दाब नसतां ती मिटे, दाब आला कीं उघडे. मोजून घेतलेली हवा चिरेंतून निसटे, पण तिच्या हिशोबाचें डिझेल मात्र पडत राही. म्हणूनच काळा धूर. रबर वयानें जीर्ण झालें होतें. त्यांत मुलाचा दोष कांहींच नव्हता.

वैद्यकांत निदानाच्या पांच अंगांत ‘उपशय’ सांगितला आहे : औषध देऊन पाहावें, आणि उतार पडला तर रोग ओळखावा. त्यास एक पथ्य आहे. एका वेळीं एकच उपाय करावा. नाहीं तर गुण कशाचा, तें कळत नाहीं. मिस्त्रींनीं तो पाइप व त्याच्या क्लिपा तेवढ्या बदलल्या. खर्च आठ माणसांच्या एका वेळच्या खानावळींतील जेवणाहून अधिक आला नाहीं. त्याच संध्याकाळीं गाडी धूर न काढतां तिसऱ्या गियरमध्यें पांचगणीस चढली.

पाइप शाबूत निघते, तर पुढें धूर परत फिरविणारी ईजीआर झडप उघडी अडकली आहे काय, टर्बोच्या पात्यांवर काजळी बसली आहे काय, सायलेन्सरच्या वाटेंतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे काय, हें पाहून मगच टर्बोच्या दांड्याकडे वळावयाचें. टर्बो कधींच जात नाहीं, असें मात्र समजूं नये. निळा धूर, उतरणारें ऑइल व कर्कश आवाज एकत्र आले, तर गाडी पुढें दामटूं नये. तें ऑइल इंजिनांत शिरून, किल्ली काढली तरी इंजिन आपोआप भडकून धांवत राहण्याचा धोका असतो. आणि टर्बो बदललाच, तर तो कशानें गेला, तेंही शोधावें. ऑइलची नळी तुंबलेलीच राहिली तर नवाही त्याच वाटेनें जाईल. ऑइल वेळेवर बदलावें, व घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर सावकाश चालूं देऊन मग बंद करावें. टर्बोचें आयुष्य यानें वाढतें.

त्या रात्रीं बंधूंनीं खुंटीवरची किल्ली काढून मुलाच्या हातीं ठेवली व म्हणाले, “परवां पहांटे निघूं. तूंच चालव.” यापलीकडे ते कांहीं बोलले नाहींत; बोलण्याची गरजही नव्हती. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें खरें. पण तो कशाचा, हें नीट पाहिल्याखेरीज कोणावर बोट ठेवूं नये, मग तें यंत्र असो वा घरचें मूल.