मोटारहोमचा परदेश प्रवास : पूर्वतयारीत वैद्याचा वाटा

निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी जाणाऱ्या रुग्णांपैकी काही जण तेथे मोटारहोम, म्हणजे स्वयंपाकघर, शय्या व शौचालय असलेली मोटार, भाड्याने घेऊन दोन-तीन आठवडे भ्रमंती करतात. न्यूझीलंडचे दक्षिण बेट यासाठी विशेष प्रिय आहे. निघण्यापूर्वी रुग्ण आपणाकडे येतो तो बहुधा एकच मागणी घेऊन : "महिन्याची औषधे बांधून द्या." या तयारीत औषधांपेक्षा ऋतु, देश आणि वेग यांचा विचार अधिक अगत्याचा आहे, असे माझे मत आहे.

हे प्रवासी बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात. येथे तेव्हा हेमंत-शिशिर असतो, तेथे ऐन उन्हाळा. वाग्भटाचार्यांनी पूर्व ऋतूचा अंतिम व उत्तर ऋतूचा प्रथम सप्ताह मिळून ऋतुसंधी सांगितला आणि या काळात पूर्वीची चर्या क्रमाक्रमाने सोडून नवी स्वीकारावी, असा उपदेश केला. विमानाने जाणारा मनुष्य हा संधिकाल दिवसा-दीड दिवसात ओलांडतो. हेमंतातील प्रबळ अग्नीच्या भरवशावर डिंकाचे लाडू व उडदाचे पदार्थ खाणारा रुग्ण तोच आहार बरोबर घेऊन ग्रीष्मात उतरला, तर अजीर्ण व अम्लपित्त ठरलेलेच. म्हणून संधिकाल प्रस्थानापूर्वी घरीच पाळावा. मी दोन आठवडे आधीपासून गुरु आहार थोडा थोडा कमी करण्यास सांगतो.

देशाचा विचारही मौजेचा आहे. क्राइस्टचर्चच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलीमीटर पाऊस पडतो, तर पर्वतरांगेपलीकडील मिलफर्ड साउंड येथे ६,००० मिलीमीटरहून अधिक. म्हणजे जांगल देशातून निघालेली गाडी दोन-तीन मुक्कामांत आनूप देशात शिरते. संधिवात व तमकश्वासाच्या रुग्णांनी हा टप्पा गृहीत धरूनच लोकरीचे कपडे, सुंठ व उष्णोदकाची सोय हाताशी ठेवावी. शिवाय क्वीन्सटाउन येथे डिसेंबरअखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. उजेड आहे म्हणून भोजन लांबते. रात्रीचे जेवण घड्याळ पाहूनच घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. मोटारहोममधील शौचालयाच्या तळाशी मलमूत्र साठविणारी पेटी असते व ती ठरलेल्या उत्सर्जन केंद्रावर स्वतःच रिकामी करावी लागते. आपल्याकडील मंडळींना याचा विलक्षण संकोच वाटतो. माझ्या एका रुग्णाने संपूर्ण प्रवासात गाडीतील शौचालय एकदाही वापरले नाही. पुढच्या गावी जाऊ, असे म्हणत वेग धारण केला, पाणी पिणे कमी केले आणि परतला तो रक्तार्श घेऊन. चरकाचार्यांनी 'नवेगान्धारणीय' हा स्वतंत्र अध्याय लिहिला, तो अशांसाठीच. दीर्घकाळ एकासनी बसणे, कोरडा पाव आणि वेगविधारण हे त्रिकूट अपानवैगुण्यास पुरेसे आहे. पेटी कशी रिकामी करतात हे गाडी ताब्यात घेतानाच समजून घ्या, हातमोजे घ्या आणि ते काम कोणी करायचे हे घरीच ठरवा, असे मी आता स्पष्ट सांगतो. दर दोन तासांनी गाडी थांबवून चालावे. तूप येथून नेऊ नये. तो दुग्धसंपन्न देश आहे, तेथील लोण्यापासून गाडीतही तूप कढविता येते.

औषधांविषयी मात्र आपण सावध असले पाहिजे. न्यूझीलंडमध्ये प्रवाशाला मध नेता येत नाही, त्यामुळे मधयुक्त च्यवनप्राशही नेऊ नये. अनुपानासाठी मध तेथेच विकत घ्यावा. वनौषधी व खाद्यपदार्थ आगमनपत्रात घोषित करावेच लागतात. न केल्यास जागेवर ४०० डॉलर दंड होतो. आपल्या हातच्या पुड्यांवर आपला कितीही विश्वास असला, तरी नाव नसलेले चूर्ण तपासनिसाच्या दृष्टीने केवळ संशयास्पद भुकटीच असते. मूळ बंद डबी, घटकांची इंग्रजी यादी व आपल्या सहीचे पत्र द्यावे. कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी व कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आहेत. हे घटक असलेले कल्प टाळावेत. अहिफेन व विजयायुक्त कल्पांचा तर विचारही नको. रसौषधी चालू असल्यास प्रवासापुरता काष्ठौषधींचा पर्याय शोधावा. १९३ कल्पांच्या तपासणीत सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारद वा सोमल आढळल्याचा अमेरिकेतील अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून परदेशी डॉक्टर याविषयी प्रथम विचारतात.

आसव-अरिष्टे वाहन चालविणाऱ्यास देऊ नयेत. मात्रेतील मद्यांश अल्प असतो हे खरे. तथापि तेथे पोलीस कोणत्याही वाहनचालकाची श्वासपरीक्षा घेऊ शकतात आणि औषध नुकतेच घेतले असल्यास मुखातील मद्यांश यंत्रास जाणवतो. त्याच गुणाचा क्वाथ गाडीतल्या शेगडीवर पंधरा-वीस मिनिटांत होतो. गाडी मुक्कामी लागल्यावर तो करून घ्यावा.