गर्भवतीचे ताट : मेहेरबानी नव्हे, हक्क!

मालेगाव तालुक्यातील वस्त्यांवर बैठकीला गेलो की गरोदर भगिनी आम्हाला हमखास विचारतात, "हे खाल्लं तर चालेल का?" पिकलेली पपई नको, पोटभर जेवू नको, मूल वाढून बाळंतपण अडेल, असे धाक घरोघरी आहेत. बांधवांनो, धोका पोटभर जेवणात नाही. तो अर्धपोटी राहण्यात, न उकळलेल्या दुधात, दूषित पाण्यात आणि बुरशी आलेल्या धान्यात आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ गर्भवतीला व बाळंतपणानंतर सहा महिने मातेला अंगणवाडीतून मोफत आहार देते. २०१३ च्या मूळ कायद्यात प्रमाणही ठरवले होते : ६०० कॅलरी, १८ ते २० ग्रॅम प्रथिने. आहार मिळाला नाही तर कलम ८ प्रमाणे भत्ता द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या आहारातून कंत्राटदारांना दूर ठेवण्यास बजावले. तरीही महाराष्ट्रातील कंत्राटे त्याच न्यायालयाला २०१९ मध्ये रद्द करावी लागली. मग आपण गाफील राहून कसे चालेल?

पाकिटावरील तारीख वाचा. वास आला, ओल दिसली, तर परत करा आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मातेची विश्रांती राष्ट्रहिताची मानली होती. त्यांच्या लेकींनी निकृष्ट अन्न मुकाट्याने का खावे?