समाचाराहून परतलेले मन

आमची आजी कुणाच्या घरी समाचाराला जाऊन आली, की स्नान होई, तुळशीपाशी दिवा लागे, घरचे व्यवहार यथाक्रम सुरू होत. परंतु पुढचे दोन दिवस ती भाजी निवडता निवडता मध्येच थांबे आणि त्या परक्या घरच्या दुःखाविषयी स्वतःशीच काही पुटपुटत राही. आम्ही मुले तिला हसत असू. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध वाचताना तिची ती थांबलेली बोटे मला आठवली.

या मंडळींनी तरुणांना आणि वृद्धांना विपत्तीत सापडलेल्या माणसांच्या लहान लहान चित्रफिती दाखवल्या आणि दृश्य संपल्यावर, मनुष्य नुसता स्वस्थ पडला असता, त्याच्या मेंदूत काय चालते, हे एमआरआय यंत्रातून पाहिले. आत्मचिंतनाशी निगडित असलेला पश्च सिंग्युलेट हा भाग आणि भयादी भावनांची दखल घेणारी, बदामाएवढी अमिग्डाला, यांचे लागेबांधे वृद्धांमध्ये त्या दृश्यानंतरही घट्ट राहिलेले दिसले. चिंताग्रस्त, एकच विचार उगाळीत बसणाऱ्या स्वभावाच्या माणसांत तर विशेषच. याला त्यांनी भावनेचे जडत्व म्हटले आहे. वार्धक्य म्हणजे केवळ कुरकुर, असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांच्या दीर्घ संशोधनाप्रमाणे उतारवयात मनुष्य सुखद गोष्टींकडे अधिक लक्ष देतो, आणि एकंदरीत त्याचे चित्त तरुणांपेक्षा स्थिरच असते. आजीही एरवी आनंदी होती. समाचाराचे दोन दिवस तेवढे वगळायचे.

आता, हे जडत्व ध्यानाने सैल होते काय? या प्रश्नाच्या अंगाने झालेला सर्वांत नेटका प्रयोग फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातल्या काँ शहरी, गाएल शेतेला या विदुषींच्या नेतृत्वाखाली पार पडला. पासष्टी ओलांडलेल्या १३७ निरोगी स्त्रीपुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले: पहिल्याने १८ महिने ध्यान शिकावे, त्यांतील ९ महिने सजगतेचे आणि ९ महिने मैत्री-करुणेचे, दुसऱ्याने तितकाच काळ इंग्रजी शिकावे, तिसऱ्याने पूर्वीप्रमाणे राहावे. (इंग्रजी हे मेंदूच्या व्यायामाचे साधन म्हणून निवडले जाते, हे वाचून शाळेत त्या विषयाला थरथरलेल्या आपल्या पिढीला थोडे सार्थक वाटावे.) इंग्रजीचा गट ठेवण्यात मोठे शहाणपण होते, कारण आठवड्याला एकत्र जमणे, शिक्षकाची आपुलकी आणि नव्या छंदाचा हुरूप यांनीच मन प्रसन्न होत असेल, तर त्याचे श्रेय ध्यानाच्या खाती जमा करणे हा शुद्ध अपहार ठरला असता.

निकाल २०२२ साली जाहीर झाला. अग्र सिंग्युलेट आणि इन्सुला हे मेंदूचे दोन भाग ध्यानाने पुष्ट होतील, निदान त्यांत रक्त तरी अधिक खेळेल, ही मूळ अपेक्षा होती. तिन्ही गटांत तसा लक्षणीय फरक काही आढळला नाही. परंतु लक्षाचे नियमन, इतरांविषयीची आस्था आणि स्वतःच्या मनाची ओळख यांच्या एकत्रित मापनात ध्यानाचा गट इंग्रजीच्या गटापुढे गेला. आपण ध्यान करीत आहोत हे ध्यान करणाऱ्याला ठाऊक असतेच, ही अडचण अशा प्रयोगातून कधीच पुरती काढता येत नाही. तरीही मला हा पुरावा दाखल करून घेण्याजोगा वाटतो.

मेंदू जाड होण्याची आशा निराधार नव्हती. २००५ साली हार्वर्डच्या सारा लाझर यांनी २० मुरलेल्या ध्यानाभ्यासकांच्या मेंदूचे काही भाग अधिक जाड असल्याचे दाखवले होते. मात्र ध्यानाने मेंदू जाड झाला, की तसा मेंदू असणारेच ध्यानाला टिकले, हा निवाडा त्यातून होऊ शकत नव्हता. पुढे विस्कॉन्सिन येथे २१८ जणांच्या पाहणीत आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर मेंदूच्या रचनेत बदल आढळला नाही. स्मरणशक्तीची कैफियतही अशीच. अमेरिकेत ६५ ते ८४ वयाच्या, विसराळूपणाची तक्रार असलेल्या ५८५ व्यक्तींना सजगतेचे प्रशिक्षण, व्यायाम, किंवा दोन्ही दिले गेले; सहा महिन्यांनी आरोग्यविषयक माहिती ऐकणाऱ्या गटापेक्षा त्यांची स्मृती सरस ठरली नाही.

आपल्याकडे हा विषय परका नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले १९२४ मध्ये, आणि योगाला प्रयोगशाळेत हजर करण्याचा तो आग्रह आजही अनुकरणीय आहे. इगतपुरीस सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. अडचण आहे ती जाहिरातींची. ज्येष्ठांच्या हाती येणाऱ्या पत्रकांत स्मरणशक्ती वाढण्याची हमी असते, आणि वर सांगितलेल्या पुराव्यात त्या हमीला कोठेही आधार नाही. मन हलके व्हावे, दुसऱ्याचे दुःख ऐकून आल्यावर आपले चित्त आपल्या हाती यावे, एवढ्याच इच्छेने कुणी रोज वीस मिनिटे डोळे मिटून बसणार असेल, तर त्याने खुशाल बसावे. दहा दिवसांच्या मौनशिबिराची गोष्ट निराळी. तेथे दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक असते, आणि म्हणूनच प्रवेशअर्जात शारीरिक व मानसिक आजारांची आणि औषधांची विचारणा केलेली असते. घरातील वृद्धांचा तो अर्ज भरताना ते रकाने रिकामे सोडू नका.