बर्फावरचे काळे जंगल

बर्फ पांढरे, म्हणून ते ऊन परतवते, असे आपण वर्गात शिकवतो. पण त्यावर सूचिपर्णी जंगल असेल तर? फांद्यांवरचे बर्फ वाऱ्याने लवकर झडते, जमिनीवरचे झाडांखाली दडते आणि तिरपे ऊन पडते ते गडद पानांवर.

कॅनडातील सस्कॅचेवान व मॅनिटोबा प्रांतांत १९९४ ते १९९६ या काळात मोजणी झाली. बर्फाळ गवताळ जमिनीने सुमारे ७५ टक्के प्रकाश परतवला, सूचिपर्णी जंगलाने अवघा १३ टक्के. (पानगळ झालेले अ‍ॅस्पेनचे जंगलही २१ वरच थांबले. नुसत्या फांद्याही पुरतात!) युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या गणिती प्रतिमानात मात्र बर्फाळ जंगल उघड्या बर्फाइतकेच उजळ धरले होते. त्यामुळे वसंतातले अंदाज प्रत्यक्षाहून थंड निघत. डिसेंबर १९९६ मध्ये आकडा बदलल्यावर ही चूक बरीच घटली.

म्हणूनच तिथल्या मोकळ्या जमिनीवर लावलेली झाडे कार्बन डायऑक्साइड शोषतील खरी, पण बर्फ झाकून हवा तापवतीलही. लाभ किती, तोटा किती, हा हिशेब जागेगणिक करावा लागतो.