संगणकातला खानदेश आणि नकाशात नसलेले पाडे

जळगावच्या विमानतळावरून छोटं विमान वर चढतं. गिरणेवरचा बांभोरीचा पूल मागे पडतो, मग एरंडोल, पारोळा, आणि अर्ध्या तासात समोर पांझरेकाठचं धुळं येतं. उजवीकडे लांबवर सातपुड्याची निळी रांग सोबतीला असते. हा प्रवास मी कितीतरी वेळा केला आहे. रात्रीचं जेवण झाल्यावर, घरातल्या खुर्चीत बसून.

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा छंद. मला मात्र उडण्यापेक्षा खालची जमीन तयार करण्याची गोडी लागली. त्याला कारण झालं पहिलंच उड्डाण. खाली पाहिलं तर ना केळीच्या बागा, ना कपाशीचं काळं रान. परदेशातल्यासारखी हिरवी शेतं आणि उतरत्या लाल छपरांची घरं! आपलाच मुलूख ओळखू येईना. मग ठरवलं, आपला खानदेश आपणच मांडायचा.

सिम्युलेटरमधली ही ‘सीनरी’ साधारण तीन थरांत तयार होते. पहिला थर जमिनीच्या उंचीचा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. साधारण दर ३० मीटरला एक आकडा, अशी ही माहिती आज कुणालाही मोफत मिळते. दुसरा थर नद्या, रस्ते आणि गावांचा. तो बहुधा २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशातून घेतात. हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. तिसरा थर डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींचा : झाडं, पाण्याच्या टाक्या, धावपट्टी, इमारती.

पण ३० मीटरच्या जाळीत सगळं मावत नाही. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या काळ्या खडकांच्या लांबच लांब रांगा दिसतात. भेगांमध्ये शिरलेला लाव्हा थिजून त्या तयार झाल्या; त्यांना ‘डाइक’ म्हणतात. त्या अरुंद असल्या की संगणकात सपाट होऊन जातात. तापीकाठच्या घळीही तशाच बुजतात. दाट जंगलात रडारच्या लहरी झाडांवरूनच परततात, म्हणून तिथली जमीन आहे त्याहून उंच भासते. हे दुरुस्त करायचं तर जागा पायाखालची हवी. या निमित्ताने वयाच्या पन्नाशीनंतर मी पुन्हा लळिंगचा किल्ला चढलो, हातात वही घेऊन.

डॉक्टर म्हणून मला यात आणखी एक गंमत दिसते. आपल्या मेंदूतही असा नकाशा असतो. हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही पेशी आपण ठरावीक जागी आलो की जाग्या होतात, हे जॉन ओ’कीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी मेंदूतली अंतरं मोजणारी जाळी शोधली. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये हाच परिसर लवकर बाधित होतो. म्हणून घरातली वयस्क व्यक्ती रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

छंदाचे काही त्रासही आहेत. डोळे सांगतात विमान वळतंय, आतला कान सांगतो खुर्ची स्थिर आहे. या भांडणात काहींना मळमळतं, गरगरतं. अशा वेळी नेटाने खेळू नये. थांबावं, लांबवर नजर टाकावी. दर २० मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती द्यावी आणि तासाभराने उठून चालावं. पडद्यापासून दूर असतानाही चक्कर येत असेल, तर कारण वेगळं असू शकतं.

आता मूळ मुद्दा. मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या थरात. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्यात काम सुरू केलं. उपग्रहाच्या चित्रात घरांची छपरं, शेतांचे तुकडे, पायवाटा स्पष्ट दिसत होत्या. खुल्या नकाशात त्याच जागी बऱ्याच ठिकाणी काहीच नव्हतं.

आणि मला पावसाळ्यातली एक रात्र आठवली. सर्पदंश झालेला एक तरुण आमच्या रुग्णालयात आला, तेव्हा त्याच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. विष मज्जासंस्थेवर चढलं की पुढची पाळी श्वासाची असते. नातेवाइकांनी रुग्णवाहिकेसाठी फोन केला होता, पण पाडा कुठे ते सांगता येईना. ‘दोन नाले ओलांडून, मोहाच्या झाडापाशी.’ शेवटी झोळीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं. प्रतिविष आणि व्हेंटिलेटरने तो वाचला, पण थोडक्यात. साप चावल्यावर सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती पत्ता सांगण्यात गेली होती.

असा नकाशा जीव वाचवायला मदत करतो, हे जगाने पाहिलं आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा हजारो मैलांवरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून तिथले रस्ते याच खुल्या नकाशात भरले आणि मदत पथकांनी ते वापरले. २०१४ मध्ये रेडक्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी इतर संस्थांसह ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम सुरू केला. संकट येण्याआधीच दुर्लक्षित वस्त्या नकाशावर आणायच्या, हा त्याचा हेतू.

तेव्हापासून माझं काम बदललं. आधी पायवाटा आणि घरं खुल्या नकाशात भरतो, मग तीच माहिती सिम्युलेटरमध्ये घेतो. मोबाइलला रेंज नसतानाही चालणारी काही नकाशा-ॲप हीच माहिती वापरतात. म्हणजे सातपुड्यातल्या दुचाकीवाल्यालाही ती उपयोगी पडू शकते. अडतं ते नावापाशी. पाड्याचं नाव उपग्रहातून दिसत नाही. ते आशाताईंना, शाळेतल्या गुरुजींना, पाड्यावरच्या माणसांना विचारावं लागतं. कुठल्या नाल्याला पाणी आलं की वाट बंद होते, हेही त्यांनाच ठाऊक असतं. आतापर्यंत असे चौदा पाडे नोंदवून झाले आहेत.

तुमच्याही माहितीतली एखादी वस्ती नकाशावर नसेल. मोबाइलवर एकदा शोधून पाहा. नसेल, तर ती भरायला विमान चालवता यावं लागत नाही.